विश्लेषण : माउंटन बाइकसाठी परवडणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक कसे निवडावेत?

पावसाळा लागला की ताम्हिणी, माळशेज, आंबोलीच्या घाटांत आणि सिंहगडाच्या रस्त्यावर सायकलस्वारांची वर्दळ वाढते. त्यांतील अनेकांकडे जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली, पंधरा ते पंचवीस हजार रुपयांची माउंटन बाइक असते. चाकाशी चमकणारी लोखंडी चकती पाहून ‘डिस्क ब्रेक आहे’ म्हणून ग्राहक निर्धास्त होतो. मात्र या किमतीतील बऱ्याच सायकलींना केबलवर चालणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक असतात. ओल्या घाटात बोटे दुखेपर्यंत लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही, तेव्हा हायड्रॉलिक ब्रेकचा शोध सुरू होतो. हे ब्रेक आता पूर्वीसारखे आवाक्याबाहेर राहिलेले नाहीत. तरीही चुकीचा संच घेतला किंवा तो चुकीचा बसवला, तर पैसे वाया जातातच आणि जिवाशीही गाठ पडू शकते.

मेकॅनिकल आणि हायड्रॉलिक ब्रेकमध्ये फरक काय?

दोन्ही प्रकारांत चाकाच्या हबला चकती, म्हणजे रोटर, बसवलेला असतो. कॅलिपरमधील दोन पॅड त्याला दोन्ही बाजूंनी आवळतात. फरक असतो तो बोटांचा जोर पॅडपर्यंत पोहोचण्याच्या मार्गात. मेकॅनिकल ब्रेकमध्ये तारेची केबल ओढली जाते. ती आवरणात घासते, ताणली जाते, आत पाणी आणि चिखल गेला की अडकू लागते. स्वस्त मेकॅनिकल कॅलिपरमध्ये बऱ्याचदा एकच पॅड हलतो. तो रोटरला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की स्क्रू फिरवून अंतर पुन्हा जुळवावे लागते.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये केबलऐवजी तेलाने भरलेली बंद नळी असते. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याचा नियम येथे कामाला येतो. लिव्हरमधील पिस्टन लहान आणि कॅलिपरमधील मोठे असतात. मोठ्या पिस्टनचे क्षेत्रफळ चौपट असेल तर जोरही चौपट मिळतो. त्या बदल्यात पिस्टन सरकतो मात्र एक चतुर्थांश अंतर. म्हणून एका-दोन बोटांच्या दाबाने काम भागते. दोन्ही पॅड सारखेच हलतात. पॅड झिजतील तसे पिस्टन आपोआप पुढे येऊन बसतात, त्यामुळे वारंवार जुळवाजुळव करावी लागत नाही.

घाटात ब्रेकची खरी कसोटी कशाने लागते?

ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. सायकल आणि स्वार यांचे मिळून वजन ९० किलो धरले आणि उतार ५०० मीटर उंचीचा असला, तर घाट उतरताना सुमारे ४४० किलोज्यूल ऊर्जा कुठे तरी जावी लागते. २५ अंश सेल्सिअसचे जवळपास १.४ लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला एवढी ऊर्जा पुरते. त्यातील काही वाटा हवेचा अडथळा आणि टायर घेतात. पण वळणावळणाच्या रस्त्यावर वेग कमी ठेवायचा, तर बाकीची उष्णता दोन पातळ चकत्या आणि चार पॅडनाच सोसावी लागते.

माउंटन बायकिंगच्या इतिहासातच याचा दाखला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीतील एका कच्च्या उतारावर १९७६ पासून जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती होऊ लागल्या. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या हबमध्येच असत. उतार संपेपर्यंत हब इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले. आज ब्रेक कितीही सुधारले असले तरी उष्णतेचा प्रश्न तोच आहे. त्यामुळे ब्रेक निवडताना केवळ लिव्हर आणि कॅलिपर पाहून चालत नाही. रोटर, पॅड आणि तेल यांचाही विचार करावा लागतो.

परवडणाऱ्या श्रेणीत पर्याय कोणते?

जपानच्या शिमानो कंपनीचा ‘एमटी२००’ हा या श्रेणीतील सर्वपरिचित संच आहे. दोन पिस्टनचा कॅलिपर, मिनरल ऑइल आणि रेझिन पॅड अशी त्याची साधी रचना आहे. याच लिव्हरचा आखूड, दोन बोटांनी दाबायचा प्रकार ‘एमटी२०१’ या नावाने येतो. तैवानच्या टेक्ट्रो कंपनीचा ‘एचडी-एम२७५’ हाही दोन पिस्टनचा, मिनरल ऑइलवर चालणारा ब्रेक अनेक तयार सायकलींवर कारखान्यातूनच बसवून येतो. त्यावरच्या पायरीवर शिमानोची ‘एमटी४००’ मालिका आणि ‘डिओर’ येते.

वरच्या श्रेणीत जास्तीचे पैसे मोजून मिळते काय? लिव्हरची पकड अधिक नेटकी असते, अवजाराविना लिव्हरचे अंतर कमी-जास्त करता येते, वजन थोडे घटते. काही मॉडेलांत लिव्हर सुरुवातीला पॅड झटकन रोटरपर्यंत नेते आणि नंतर जोर वाढवते. या सोयी खऱ्या आहेत. पण शहरातील रोजचा प्रवास, सुटीच्या दिवशीचा घाट आणि साध्या पायवाटा एवढाच वापर असेल, तर नीट बसवलेला प्राथमिक श्रेणीचा संच सर्वसाधारण वजनाच्या स्वाराला पुरतो. स्वार वजनदार असेल, सायकलवर सामान लादून दूरचा प्रवास करायचा असेल, सायकल विजेवर चालणारी असेल किंवा तीव्र खडकाळ उतार नेहमीचेच असतील, तर चार पिस्टनचा कॅलिपर घ्यावा. त्यात पॅड मोठे असतात, त्यामुळे जोर वाढतो आणि उष्णताही अधिक सोसली जाते.

अनोळखी नावाचे अतिस्वस्त संचही ऑनलाइन मिळतात. त्यांतील सगळेच टाकाऊ नसतात. तरीही त्यांचे पॅड वर्षभराने मिळतील का, तेल कोणते लागते हे स्पष्ट लिहिले आहे का आणि नळी जोडण्याचे सुटे भाग उपलब्ध आहेत का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर तो ब्रेक पहिले पॅड झिजेपर्यंतच स्वस्त असतो.

सायकलला हे ब्रेक बसतील की नाही, हे कसे ओळखावे?

फ्रेम आणि फोर्कवर डिस्क ब्रेकची जागा नसेल, म्हणजे सायकल फक्त रिम ब्रेकसाठी बनलेली असेल, तर विषय तेथेच संपतो. ओढूनताणून केलेली वेल्डिंग किंवा पट्ट्या लावून केलेली जोडणी धोकादायक असते. मेकॅनिकल डिस्क आधीपासून असेल तर बहुधा अडचण येत नाही. तरी पाच गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, कॅलिपर बसवण्याची पद्धत. ‘पोस्ट माउंट’मध्ये दोन बोल्टच्या छिद्रांतील अंतर ७४ मिमी, तर जुन्या ‘आयएस माउंट’मध्ये ५१ मिमी असते. आयएस फ्रेमवर पोस्ट माउंटचा कॅलिपर लावायला अडॅप्टर लागतो. दुसरी, रोटरची जोडणी. हबवर सहा बोल्टची छिद्रे आहेत की दातेरी ‘सेंटर लॉक’ आहे, ते पाहावे. सेंटर लॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसवता येतो. उलट प्रकार जमत नाही. तिसरी, रोटरचा व्यास. फोर्क आणि फ्रेम बनवणाऱ्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेपेक्षा मोठा रोटर लावू नये.

चौथी बाब सर्वाधिक खर्चात टाकणारी आहे. अनेक स्वस्त सायकलींवर ब्रेकची लिव्हर आणि गिअर बदलण्याचा शिफ्टर एकाच तुकड्यात असतात. हायड्रॉलिक ब्रेकची लिव्हर लावायची तर हा जोड तुकडा काढावा लागतो आणि शिफ्टर वेगळे घ्यावे लागतात. तेही सायकलच्या गिअरच्या संख्येशी जुळणारे हवेत. ब्रेकच्या किमतीत हा खर्च धरलेला नसतो आणि दुकानात गेल्यावरच तो समोर येतो.

पाचवी, डावे-उजवे. भारतात सायकलचा पुढचा ब्रेक साधारणपणे उजव्या लिव्हरला असतो, मोटारसायकल आणि स्कूटरचाही तसाच. युरोप-अमेरिकेसाठी जोडलेल्या अनेक संचांत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. परदेशातून किंवा ऑनलाइन मागवलेला संच न पाहता बसवला, तर ऐनवेळी सवयीचा हात चुकीचे चाक रोखतो. नळ्या बदलून ही जोडणी उलटवता येते, पण त्यासाठी तेल पुन्हा भरावे लागण्याची शक्यता असते. त्यामुळे मागणी नोंदवण्याआधीच विचारून घेणे सोपे.

रोटर मोठा घेतल्याने किती फरक पडतो?

पकडीचा जोर तोच ठेवून १६० मिमीऐवजी १८० मिमीचा रोटर लावला, तर चाक रोखणारे बल सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढते. पॅड चाकाच्या केंद्रापासून अधिक दूर पकडतात, एवढेच त्याचे कारण. शिवाय मोठ्या चकतीत धातू अधिक असतो आणि ती वाऱ्याला अधिक उघडी असते, त्यामुळे ती उशिरा तापते आणि लवकर निवते. महाग कॅलिपर घेण्यापेक्षा पुढच्या चाकाला १८० मिमीचा रोटर आणि योग्य अडॅप्टर घेणे अनेकदा अधिक लाभाचे ठरते. फोर्कची परवानगी मात्र हवी.

भर पुढच्या चाकावर देण्यामागेही कारण आहे. ब्रेक दाबताच शरीराचा भार पुढे झुकतो, मागचे चाक हलके होते आणि लवकर घसरते. थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकदम बदलण्याइतके पैसे नसतील, तर आधी पुढचा बदलावा, मागचा नंतर. त्यानंतरचे पहिले काही दिवस मात्र जपून चालवावे, कारण दोन्ही लिव्हरना लागणारा जोर वेगवेगळा असतो.

पॅड कोणते निवडावेत?

रेझिन पॅड थंड असतानाही चांगले धरतात, आवाज कमी करतात आणि स्वस्त असतात. पण पाऊस आणि चिखलात ते भराभर झिजतात. कोकणातली तांबडी माती पाण्यात मिसळली की पॉलिश पेपरसारखी काम करते. धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात, जास्त उष्णता सोसतात, मात्र आवाज करतात आणि रोटरही अधिक झिजवतात.

येथे एक नेहमीची चूक होते. शिमानोच्या स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना कोरलेली असते. ती न वाचता त्यावर धातूचे पॅड लावले, तर मऊ पोलादाची ती चकती लवकर खाल्ली जाते. धातूचे पॅड वापरायचे असतील तर ते सोसणारा रोटर आधी घ्यावा. नवा शिमानो रोटर साधारण १.८ मिमी जाडीचा असतो आणि तो १.५ मिमीवर आला की बदलावा लागतो. पॅडवरील घर्षणाचा थर ०.५ मिमी उरला की पॅड काढून टाकावेत. पावसाळ्यात दर मोठ्या फेरीनंतर पॅडकडे एक नजर टाकलेली बरी.

कोणते तेल, आणि त्यात धोका कशाचा?

सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन प्रकारची तेले वापरली जातात. शिमानो, टेक्ट्रो आणि मागुरा मिनरल ऑइल वापरतात. हेज आणि स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये मोटारगाड्यांसारखे ‘डॉट’ ब्रेक ऑइल असते. स्रॅमने अलीकडे काही मॉडेलांत मिनरल ऑइलही आणले आहे. त्यामुळे कंपनीच्या नावावरून अंदाज न बांधता लिव्हरवर किंवा माहितीपत्रकात काय लिहिले आहे, ते पाहावे.

डॉट तेल हवेतील ओलावा शोषते. ताज्या ‘डॉट ५.१’ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २६० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १८० अंशांवर येते. म्हणून हे तेल ठरावीक काळाने बदलावे लागते. ते रंगावर सांडले तर रंगही उखडतो. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही आणि हाताळायला सोपे आहे, पण ते बहुधा सायकलच्या दुकानातच मिळते.

नेमका येथेच घात होतो. डॉट तेल प्रत्येक मोटारसायकल गॅरेजमध्ये असते. ‘ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल’ असे समजून कुणी ते मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये भरले, तर आतली रबरी सील फुगतात आणि निकामी होतात. सुरुवातीला ब्रेक ठीक वाटतो. बिघाड पुढे कधी तरी, कदाचित उतारावरच, समोर येतो. असा ब्रेक नुसता धुऊन पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही. गावाकडे किंवा लांबच्या प्रवासाला जाताना योग्य तेलाची छोटी बाटली सोबत ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

बसवताना आणि नंतर काय काळजी घ्यावी?

बरेच संच तेल भरूनच येतात, पण नळी सायकलच्या मापापेक्षा लांब असते. ती कापली की टोकाला बसणारी पितळी कडी आणि आतली छोटी नळी नवीच लावावी लागते. जुनी वापरली तर तेल झिरपते. नळीत हवा शिरली तर लिव्हर स्पंजसारखी मऊ लागते, कारण हवा दाबली जाते आणि तेल दाबले जात नाही. ही हवा काढण्याच्या कामाला ‘ब्लीडिंग’ म्हणतात. ते येणारा मेकॅनिक आसपास आहे का, हे ब्रेक घेण्याआधीच पाहावे.

काम झाल्यावर दुकानातच एक साधी चाचणी करता येते. लिव्हर घट्ट दाबून अर्धा मिनिट धरावी. ती हळूहळू हँडलकडे सरकत राहिली, तर आत गळती आहे. कॅलिपरभोवती किंवा नळीच्या जोडावर ओल दिसते का, तेही पाहावे.

नव्या पॅडना रोटरवर ‘बसवावे’ लागते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, ब्रेक दाबावा. प्रत्येक ब्रेकसाठी असे वीसेक वेळा करावे. पॅडचा पातळ थर रोटरवर बसला की पूर्ण पकड मिळते. हे न करता थेट घाटात गेल्यास नवा ब्रेकही कमजोर वाटतो आणि किंचाळतो.

साखळीवर फवारलेले तेल रोटरवर उडणे हे पकड जाण्याचे आणखी एक नेहमीचे कारण. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पण तेल मुरलेले पॅड सहसा बदलावेच लागतात. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये. पिस्टन बाहेर येतात आणि रोटर आत जाईनासा होतो. रेल्वेने किंवा गाडीतून सायकल नेताना पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. सायकल बराच वेळ उलटी ठेवली असेल, तर निघण्याआधी लिव्हर काही वेळा दाबून पाहावी. टाकीतील हवा नळीत गेली असेल तर ती मऊ लागते.

हायड्रॉलिक ब्रेक प्रत्येकाला हवेच का?

नाही. सपाट शहरात, कोरड्या रस्त्यावर चालणाऱ्या सायकलला नीट जुळवलेला रिम ब्रेकही पुरतो. आडवाटेने अनेक दिवस फिरणारे काही सायकलस्वार मुद्दाम मेकॅनिकल डिस्क ठेवतात. केबल तुटली तर ती तालुक्याच्या गावातही मिळते. नळी फुटली तर मिळत नाही. आहे त्या मेकॅनिकल ब्रेकला नवी केबल, चांगले आवरण आणि ताजे पॅड लावूनही बराच फरक पडतो. हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय असल्याने तो आधी करून पाहावा.

जोड लिव्हर बदलायची नसेल, तर केबलने ओढायचे पण आत तेलावर चालणारे कॅलिपरही मिळतात. त्यांत दोन्ही पॅड हलतात आणि जोर वाढतो. केबलचे घर्षण आणि चिखलाचा त्रास मात्र तसाच राहतो.

खर्चाचा हिशेब मांडताना ब्रेकचा संच, दोन रोटर, अडॅप्टर, लागल्यास शिफ्टर, पॅडची एक जादा जोडी आणि मेकॅनिकची मजुरी अशी पूर्ण बेरीज आधी करावी. ती बेरीज सायकलच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जात असेल, तर जुनी सायकल विकून कारखान्यातूनच हायड्रॉलिक ब्रेक बसवून येणारी सायकल पाहणे योग्य. बेरीज आवाक्यात असेल आणि त्यातून काही वाचत असेल, तर ते पैसे वरच्या श्रेणीच्या कॅलिपरवर न घालता पुढच्या मोठ्या रोटरवर आणि जादा पॅडवर घालावेत.